आधी मालक बघा, मग गाडी: गोव्यात जुनी कार घेताना

"गाडी कोणाच्या नावावर आहे?"

जुन्या गाडीची जाहिरात बघून फोन लावला की माझा पहिला प्रश्न हा असतो. किती चालली, टायर कसे आहेत, एसी गार करतो का, हे सगळं नंतर. गोव्यात या प्रश्नाला मिळणारी उत्तरं ऐकण्यासारखी असतात. "भावाच्या, पण तो जहाजावर आहे." "पप्पांच्या. पप्पा गेले दोन वर्षांमागे." "मी ज्याच्याकडून घेतली त्याच्याच नावावर आहे अजून, पण सही केलेले फॉर्म आहेत ना बाब माझ्याकडे!"

तिसऱ्या उत्तराला मी स्वतः फसलोय. फोंड्यात नवा होतो, रोज कुंडईला कामावर जायला गाडी हवी होती. डिचोलीकडच्या एका गृहस्थाची छोटी पेट्रोल गाडी पसंत पडली. त्याने ती तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याकडून घेतली होती, पण नावावर केलीच नव्हती. मूळ मालकाने सह्या करून दिलेले कोरे फॉर्म तेवढे एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. मी पैसे दिले, गाडी घरी आणली, नारळ फोडला. मग कळलं की मूळ मालकाचा आरसीला, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राला, जोडलेला मोबाइल नंबर बंद आहे, फॉर्मवरची सही जुन्या सहीशी जुळत नाही आणि हे मूळ मालक आखातात नोकरीला आहेत. ते सुट्टीवर येईपर्यंत सात महिने गेले. गाडी माझ्या अंगणात, विमा दुसऱ्याच्या नावाने आणि चलन आलं तर तिसऱ्याच्या फोनवर.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. गाडीतला दोष पैसे टाकले की निघतो, पण कागदातला दोष काढायला माणूस लागतो आणि तो माणूस बरेचदा गोव्यात नसतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या मी मालकापासून सुरू केल्या आहेत.

मालक कोण, हे घरबसल्या कसं बघायचं

विकणाऱ्याकडून आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. टाळाटाळ केली तर तिथेच थांबा. फोटो मिळाला की एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं दिसतं, पण अक्षरं आरसीवरच्या नावाशी ताडून बघता येतात. पाच गोष्टी टिपून ठेवा: नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, हा कितवा मालक आहे, विमा आणि पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला कधी संपतात, आणि एचपी म्हणजे कर्जाचा बोजा चढलेला आहे का. "सिंगल ओनर" असं जाहिरातीत आणि मालक क्रमांक तीन असं आरसीवर, हे मी दोनदा पाहिलंय.

ई-चलनाच्या संकेतस्थळावरही नंबर टाकून बघा. थकलेली चलनं व्यवहाराआधी विकणाऱ्याने भरायची. "वजा करून घ्या" असं तो म्हणेल. नको म्हणा, पावती बघा.

पाटीवरून गाडीचं मूळ गाव कळतं. जीए-०१ आणि ०७ पणजीचे, ०२ आणि ०८ मडगावचे, ०३ म्हापशाचा, ०४ डिचोलीचा, ०५ फोंड्याचा, ०६ वास्कोचा. गोव्यातल्या गोव्यात गाडी विकली तर नंबर तोच राहतो. त्यामुळे मडगावात उभ्या असलेल्या जीए-०४ गाडीच्या मालकाला, आयुष्यभर कोणत्या रस्त्यांवर फिरली, हे जरूर विचारा. खाणपट्ट्यात राबलेल्या गाडीच्या सस्पेन्शनचं दुखणं वेगळं असतं.

मालकाचे प्रकार

मालक स्वतः समोर असेल, आधार कार्डावरचं नाव आरसीवरच्या नावाशी जुळत असेल आणि आरसीला जोडलेला मोबाइल त्याच्या खिशात असेल, तर अर्धं काम झालं. हा मोबाइल महत्त्वाचा, कारण ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी त्याच्यावर येतो. पहिल्याच भेटीत मी सरळ विचारतो, "आरसीला कुठला नंबर जोडलाय?" नंबर बंद असेल तर तो आधी बदलून घ्यायचं काम त्याचं.

मालक परदेशात किंवा जहाजावर असेल तर दोन वाटा आहेत. एक, तो साइन-ऑफ होऊन, म्हणजे कामाची पाळी संपवून, घरी येईपर्यंत थांबायचं. दुसरी, त्याने घरच्या कोणाला रीतसर कुलमुखत्यारपत्र द्यायचं. परदेशात केलेलं असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित झालेलं हवं आणि इथे आल्यावर त्यावर मुद्रांक भरलेला हवा. गाडी विकण्याचा, फॉर्मवर सही करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात गाडीच्या नंबरासह लिहिलेला आहे का, हे वाचून बघा. "माझ्या वतीने सर्व व्यवहार बघावेत" एवढ्यावर भागत नाही. त्याची प्रत घेऊन आधी आरटीओच्या खिडकीवर दाखवा, मग बयाणा द्या. माझं मत विचाराल तर मी थांबतो. तारवटी, म्हणजे जहाजावरचा माणूस काही महिन्यांनी घरी येतोच आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या चार गाड्या बघून होतात.

मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर होऊ द्या आणि मग तुमच्या. नियमानुसार मालकाच्या मृत्यूची खबर ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाने गाडी स्वतःच्या नावावर करायची असते. प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षं करत नाहीत. इथे गोव्याची एक खास गोष्ट लक्षात ठेवा. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते. तेव्हा आरसी वडिलांच्या नावावर होती म्हणून थोरल्या मुलाची सही पुरेल असं समजू नका. आई आहे, बहिणी आहेत, त्यांची लेखी संमती लागते. भावंडांत बोलणं बंद असेल तर गाडी कितीही चांगली असो, पुढचं घर बघा.

बँकेचा बोजा असेल तर आधी एचपी काढून घ्या. कर्ज सात वर्षांपूर्वी फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, असं सर्रास असतं. त्यासाठी बँकेची ताजी एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र आणि बँकेने सही-शिक्का मारलेला फॉर्म ३५ लागतो. बँकेत खेपा घालायचं काम मालकाचं, तुमचं नाही.

डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम तुमच्या बाजूने आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर पोर्टलवर दिली की कायद्याच्या लेखी तो डीलर गाडीचा मालक ठरतो आणि पुढची कागदपत्रं तो करू शकतो. अधिकारपत्र दाखवा म्हटल्यावर जो हसण्यावारी नेतो, तो डीलर नव्हे, दलाल. दलालाशी व्यवहार करू नये असं नाही, पण मग मूळ मालकाला भेटल्याशिवाय करू नये.

आणि एक गोव्याचाच प्रकार: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. ही रेंट-अ-कारची, म्हणजे पर्यटकांना चालवायला भाड्याने दिलेली गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर टॅक्सी. अशा गाड्या वयाच्या मानाने स्वस्त मिळतात. पण परवाना परत करून, खासगी गाडीचा कर भरून आणि वर्ग बदलूनच ती तुम्हाला घरची म्हणून वापरता येते. हे सगळं विकणाऱ्याकडून करून घ्या आणि पांढरी पाटी लागल्यावरच पैसे द्या. गाडीबद्दल सांगायचं तर, रोज वेगळ्या माणसाने क्लचवर पाय ठेवून चालवलेली गाडी मी तरी घेणार नाही.

पंधरा वर्षांचा हिशोब

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ऑगस्ट २०१२ मध्ये नोंदलेली गाडी ऑगस्ट २०२७ पर्यंत. पुढे फॉर्म २५ भरून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं, ज्याला सगळे "पासिंग" म्हणतात. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत अर्ज करता येतो. गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते: दिवे, ब्रेक, हॉर्न, पत्रा, चेसिस नंबर.

हे पासिंग स्वस्त राहिलेलं नाही. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीला केंद्राचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. आयात गाडीचं तर बोलूच नका. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. राज्याचा कर, स्मार्ट कार्ड, आणि पासिंगसाठी गाडीवर करावा लागणारा रंग-पत्र्याचा खर्च या सगळ्याच्या वर.

म्हणून साडेचौदा वर्षांची गाडी साठ हजाराला मिळतेय म्हणून उड्या मारू नका. किंमत करताना पासिंगचा सगळा खर्च त्या साठ हजारांत मिळवून बघा. शक्य असेल तर पासिंग करून घेऊनच द्या असं सांगा, थोडे पैसे जास्त गेले तरी. मुदत संपलेल्या गाडीचं नाव बदलायला गेलात तर आधी नूतनीकरण करावं लागतं, आणि तोवर ती रस्त्यावर चालवणं म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणं. पहिल्या वेळी दंड ५,००० रुपयांपर्यंत आहे.

गाडी बघायला पावसात जा

लोक ऊन बघून गाडी बघायला जातात. माझा सल्ला उलटा आहे. जुलैत जा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जी गाडी त्यात गळते ती मार्चमध्ये कशी गळेल? डॅशबोर्डखाली हात घालून बघा, पायाखालची मॅट उचला, तिच्याखालचं कार्पेट दाबा. हाताला पाणी लागलं की पत्रा आतून सडायला लागलाय असं समजा.

गोव्यात गाडीचा खरा शत्रू इंजिन नाही, खारी हवा आहे. किनाऱ्यालगत कायम उघड्यावर उभी राहणारी गाडी वरून चकचकीत असते आणि खालून जाळी. रनिंग बोर्डाच्या खालच्या कडेला बोटाने दाबत जा. चाकांच्या वरच्या कमानी आतून चाचपा. बॉनेट उघडून शॉक-ॲबसॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं तिथला पत्रा बघा, तिथे गंज असेल तर बाकीचं बघूच नका. सायलेन्सर, ब्रेकचे धातूचे पाइप, पेट्रोल भरायच्या नळीचं तोंड. फ्रिजवर चिकटवायचं एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. जिथे ते पत्र्याला धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे.

आता डिकी. माझ्या एका शेजाऱ्याने बघितलेली गाडी आम्ही दोघं तपासायला गेलो होतो. गाडी मऊ चालत होती, इंजिन घड्याळासारखं. स्टेपनी काढली, तिच्याखालचं खोलगट भांडं बघितलं. त्या भांड्यात तळाशी रुपयाएवढी तीन भोकं होती आणि कडेला पांढरट मिठाचा थर. वास आलाच. मालक मासळी बाजारातून बर्फातली मासळी आणून विकायचा. दर सकाळी खारं पाणी स्टेपनीखाली साचत होतं. मालकाने लपवलं नाही, हसून म्हणाला, "नुस्तें खाता तो मनीस, गाडी न्ही." (मासे माणूस खातो, गाडी नाही.) गाडी सोडली, पण त्या दिवसापासून स्टेपनी उचलल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. आतल्या भागावर मातकट रेषा दिसली तर पाणी कुठवर होतं ते कळतं. धुताना बेल्टचा तो भाग कोणी धूत नाही.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. गाडी "फक्त तीस हजार किलोमीटर" चाललीय, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. मालक परदेशात असल्याने दोन-दोन वर्षं पोर्चमध्ये उभी राहिलेली गाडी गोव्यात खूप मिळते. कमी चाललेली म्हणून ती महाग विकली जाते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, सुकलेले टायर, बॅटरी, सीटवरची बुरशी, टाकीत शिळं पेट्रोल, हा खर्च वजा करूनच तिची किंमत ठरवा.

इंजिन थंड असताना चालू करा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर बॉनेटवर हात ठेवला की कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, सतत पांढरा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट जळतंय. मग चढ. पणजीकडचे असाल तर जुन्या गोव्याहून कदंब पठारावर चढवा, सत्तरीकडचे असाल तर चोर्ला घाटाचं पहिलं वळण पुरे. दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून चढते का आणि तापमानाचा काटा कुठे जातो ते बघा. अर्ध्या चढावर थांबवून हँडब्रेक ओढा. फेरीबोटीने रोज जायचं असेल तर रॅम्पवर गाडीचं पोट घासतं का हेही एकदा बघाच, रिबंदर-चोडण करणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

पेट्रोल गाडी असेल तर अजून एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्याला सोसतील अशा भागांच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून बाजारात आल्या. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील कडक झाले आहेत का, हे मिस्त्रीला तपासायला सांगा. नळ्यांचा खर्च थोडा असतो, पण पेट्रोल गळू लागलं तर आग लागू शकते.

मिस्त्री मात्र तुमचा हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. हजार-दीड हजार रुपये देऊन लिफ्टवर गाडी उचलून बघून घ्या. खालून बघितल्याशिवाय घेतलेली गाडी गोव्यात तरी मी अर्धवट बघितली असंच म्हणेन.

पैसे आणि सह्या

भाव ठरला की बयाणा द्या, पण थोडा, आणि कागदावर लिहून. त्या कागदात गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, ठरलेली रक्कम, आणि "अमुक तारखेपर्यंत एचपी काढून, चलनं भरून गाडी देईन, न दिल्यास बयाणा परत" हे वाक्य असू द्या.

उरलेले पैसे चेकने, यूपीआयने किंवा बँकेतून द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि त्याखालच्या रकमेलाही बँकेतली नोंद कामाला येते. पैसे आणि सह्या एकाच बैठकीत व्हाव्यात. मी तर शेवटचे काही हजार गाडी नावावर होईपर्यंत राखून ठेवतो. मालक ओळखीचा असला तर तो रुसतो, पण पुढच्या ओटीपीसाठी फोनही लगेच उचलतो.

सह्या कशावर? फॉर्म २९ च्या दोन प्रती, ज्यात विकणारा आरटीओला कळवतो की गाडी दिली. फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या. तारखा भरलेल्या, गाडीचा तपशील भरलेला. कोऱ्या फॉर्मवर सही मागू नका आणि देऊही नका. यासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळखपत्र, पॅन किंवा फॉर्म ६०, तुमच्या पत्त्याचा पुरावा, फोटो, आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ही प्रिंट म्हणजे कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवायची. गंजामुळे नंबर उमटत नसेल तर ते आधीच कळलेलं बरं.

एक साधा कागद बरेच जण विसरतात: ताबा पावती. त्यात तारखेबरोबर वेळ लिहा. "सायंकाळी ५.४० वाजता, मीटरवर ८७,२१० किलोमीटर असताना गाडी ताब्यात घेतली." दुपारी कुठे कॅमेऱ्याने चलन काढलं असेल तर वाद मिटतो. दुसरी चावी, सर्व्हिसची पुस्तिका, जॅक आणि स्टेपनी मिळाल्याचंही त्यातच लिहा.

नावावर करणं

कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. परिवहन सेवेच्या पोर्टलवर गोवा निवडा, गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाका, मालकाच्या फोनवर ओटीपी येईल. तो येतो त्या क्षणी मालक शेजारी बसलेला असावा. तपशील भरा, कागद चढवा, शुल्क भरा. मोटारीचं नाव बदलण्याचं केंद्राचं शुल्क ३०० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे, आणि राज्याची आकारणी पावतीवर दिसते. त्यानंतर आरटीओ मूळ कागद बघायला बोलावतं.

भाड्याने राहणाऱ्या नवख्यांना इथे पत्त्याची अडचण येते. आधार अजून सोलापूरचं किंवा सांगलीचं असतं. आधारवरचा पत्ता आधी गोव्याचा करून घ्या, भाडेकरार मुद्रांकावर नीट केलेला ठेवा. घरमालक करार द्यायला कां-कू करत असेल तर गाडी शोधायला लागण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या. मी बऱ्याच जणांना गाडी घेऊन मग घरमालकाच्या मागे फिरताना बघितलंय.

एजंट लावायचा का? वेळ नसेल तर लावा. पण काय काय शुल्क भरलं याच्या पावत्या मागा, आणि आरसी तुमच्या हातात येईपर्यंत पोर्टलवर अर्जाची स्थिती स्वतः बघत राहा. अर्ज क्रमांक त्यासाठीच असतो.

विकणाऱ्यांनीही हे वाचावं म्हणून एक निकाल सांगतो. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गाडी कितीही हात बदलून गेली असली तरी आरसीवर ज्याचं नाव आहे, मोटार वाहन कायद्याच्या लेखी तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. "सही करून दिली, सुटलो" असं कोणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आरटीओत येतो.

विमा

गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे गेला असं कायदा धरतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो जुना मालक घेऊन जातो. त्यामुळे "विम्यावर ५० टक्के बोनस आहे" हे विकणाऱ्याचं वाक्य तुमच्या काहीच कामाचं नाही, उलट तेवढा फरक तुम्हालाच भरावा लागतो.

पीयूसीची मुदत बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) आणि त्यापुढच्या गाडीला वर्षाची, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांची.

बाहेरच्या पाटीची गाडी

एमएच-०७, एमएच-०९, केए-२२. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव. गोव्यात या पाट्या जागोजागी आहेत आणि भाव ऐकून मोह होतो. इथे दोन कामं वाढतात. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, तीन प्रती, आणि गाडी चोरीची नाही याची पोलिसांच्या नोंदीतली खात्री. मग गोव्यात नवा नंबर आणि गोव्याचा रस्ता कर. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नंबर बदलणं कायद्याने बंधनकारक आहे. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो आधीच्या मालकाच्या नावाने आणि सावकाश येतो. तो नफ्यात धरू नका.

दिल्लीकडच्या डिझेल गाड्या तर फारच स्वस्त दिसतात. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या देशभर विखुरल्या. एनओसी हातात पडल्याशिवाय तिकडे एक रुपयाही पाठवू नका, फोटो कितीही छान असोत.

आरसी आल्यावर

नाव, पत्ता, इंजिन आणि चेसिस नंबर अक्षर-अक्षर तपासा. चूक तेव्हाच दुरुस्त होते, पुढच्या विक्रीच्या वेळी तीच चूक वर्षभर नाचवते. आरसीला तुमचा मोबाइल जोडला गेलाय का बघा. वारसदार म्हणून घरच्या कोणाचं तरी नाव नोंदवता येतं, तेही करून टाका.

आणि फास्टॅग. काचेवरचा टॅग जुन्या मालकाच्या बँकेचा असतो. तो त्याला बंद करायला सांगा आणि तुमचा नवा लावा. माझ्या त्या पहिल्या गाडीचा टॅग राहून गेला होता. पहिल्यांदा कोल्हापूरला गेलो, टोलनाका ओलांडला, आणि दहा मिनिटांत आखातातून फोन आला: "बाब, माझी गाडी आज कुठे निघाली?"